जिथे बोट पोचत नाही

पंजाने खोका टेबलावर असा आदळला की ताईच्या कपातला चहा बशीत आला.

"घ्या. सगळे एकाच दुखण्याचे आहेत," तो म्हणाला. "बघा तुमच्या नजरेनं. मला तर वीट आला बघून बघून."

पंजा हा दुरुस्तीच्या टेबलावरचा माणूस. हाताचे पंजे सुपाएवढे, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त त्याच्या बायकोला आणि हजेरीपटाला ठाऊक. खोक्यात गिऱ्हाइकांकडून परत आलेले मदरबोर्ड होते. कंपनी लहान, डेस्कटॉप कॉम्प्युटरचे मदरबोर्ड बनवणारी. मोठ्या कंपन्या असले खोके पायाने बाजूला सारतात, पण इथे असा एक खोका आला की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

ताईने पहिला बोर्ड करड्या पिशवीतून काढला, दिव्याखाली धरला आणि डोळ्याला भिंग लावलं. ग्राफिक्स कार्ड बसतं त्या लांब स्लॉटच्या टोकाशी एक बारीक ओरखडा होता. काळ्या लाखेखालचं तांबं उघडं पडलेलं. दुसरा बोर्ड काढला, ओरखडा तिथेच. तिसऱ्याला तिथेच, केसभर अलीकडे. चौथा तिने पिशवीतून काढलाच नाही.

"स्क्रूड्रायव्हर," ती म्हणाली.

"नाहीतर काय! कार्ड काढायचं तर तो टोकाचा खटका दाबावा लागतो. खटका दिसतो, पण वर हे एवढं जाडजूड कार्ड आणि शेजारी हे धातूचं झाकण. बोट जातच नाही. मग लोक खुपसतात स्क्रूड्रायव्हर. तो झाकणावरून घसरतो आणि खालच्या तारा कापतो. बोर्डाचे बारा वाजले." पंजाने आपला अंगठा त्या फटीवर ठेवून दाखवला. अंगठा फटीच्या दुप्पट होता. "ताई, हे माझ्या हाताखालून गेलं असतं तर मी तेव्हाच बोंब मारली असती. माझ्याकडे परत आलं कसं नाही?"

"बघते," ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला. याचंच तिला नंतर जास्त वाईट वाटलं.

कारण बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते झाकण स्लॉटच्या शेजारी कुणी आणून बसवलं, आणि बोर्ड पंजाकडे पुन्हा का गेला नाही, हे तिला पहिल्याच बोर्डाला कळलं होतं.

बोर्डाचा आराखडा तपासणं हे ताईचं काम, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मदरबोर्ड म्हणजे एक बिऱ्हाड, असं ती नव्या लोकांना सांगायची. तापट माणसाला खिडकीजवळची जागा द्या, त्याच्याशी ज्याचं सारखं काम पडतं त्याला हाकेच्या अंतरावर ठेवा, आणि कुणाचं दार कुणाच्या दाराला धडकू देऊ नका. तापट म्हणजे प्रोसेसर, हाकेच्या अंतरावरची ती मेमरी. नमुन्याचा पहिला बोर्ड तयार होऊन आला की ती त्यावर लाल गोल स्टिकर चिकटवत जायची. कचेरीत त्याला टिकली म्हणत. इथली जोडणी काठापासून लांब, टिकली. हा कपॅसिटर गरम भागाला चिकटून, टिकली. चूक सुधारली की टिकली काढायची. सगळ्या टिकल्या निघाल्या की बोर्ड स्वच्छ, आणि स्वच्छ बोर्डाला पूर्वी कधी चूक होती हे कोणी बोलायचं नाही, अशी तिथली रीत.

आणि शेवटी पंजाची परीक्षा. बोर्ड खऱ्याखुऱ्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बसवायचा, बाजारातलं सगळ्यात जाड कार्ड त्यावर चढवायचं आणि पंजाने नुसत्या हाताने ते काढून दाखवायचं. ही परीक्षा ताईनेच सुरू केली होती. "जिथे बोट पोचत नाही तिथे माणूस स्क्रूड्रायव्हर पोचवतो," हे वाक्य तिचंच. पंजाने ते मोठ्या अक्षरात लिहून आपल्या टेबलामागे चिकटवलं होतं, आणि येताजाता ते तिला दिसायचं. आता ते काढून टाकावं असं तिला वाटायला लागलं.

या बोर्डाचा लेआउट धाकट्याने केला होता. धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. घरी त्याला धाकटा म्हणत, आणि ताई कचेरीतही तशीच हाक मारायची, म्हणून सगळेच धाकटा म्हणायला लागले. स्वतः मालकसुद्धा. त्यावर पंजा म्हणायचा, इथे मोठा कोणी नाहीच, सगळे धाकटेच, एक ताई सोडून.

धाकट्याचा हात चांगला होता. एकच खोड होती, ताईचं वाक्य त्याला वेदवाक्य. लहानपणी ती त्याचं गणित तपासायची आणि तिने नुसती भुवई उचलली तरी तो बरोबर उत्तर खोडायचा. मोठेपणी त्यात बदल एवढाच झाला की वहीच्या जागी पडदा आला.

हा बोर्ड तेव्हा स्वच्छ झाला होता. टिकल्या निघाल्या होत्या, पंजाची परीक्षाही झाली होती. माणसं घरी निघाली होती. ताई पर्स खांद्याला लावून धाकट्याच्या खुर्चीमागे उभी होती, त्याचं आवरायची वाट बघत. समोर पडद्यावर बोर्ड होता. ग्राफिक्स कार्डाच्या खाली, अगदी त्याच्या गरम वाऱ्यात, ती चपटी एसएसडी बसवलेली होती. कॉम्प्युटरमधल्या माहितीचा सगळा साठा तिच्यात. ताईने हातातल्या चिमट्याने पडद्यावर टकटक केलं.

"हे बिचारं खाली गुदमरतंय रे. वर घे त्याला. कार्डाच्या वर, प्रोसेसरच्या बाजूला. आणि वर धातूचं झाकण दे."

"पण ताई, झाकण आलं की खटक्याला जागा राहील का?"

"माझं बोट जाईल की."

"तुझं जाईल गं. पंजाचं?"

"एवढ्याशा बदलाला पंजा कशाला? परत कॅबिनेट उघडा, परत आठवडा घालवा. मी बघितलंय ना?"

तिने बघितलं होतं, हे खरंच होतं. सुधारलेला नमुना तयार होऊन आला तेव्हा त्यावर तिने स्वतः खटका दाबून बघितला. उघड्या टेबलावर, बारीकसं जुनं कार्ड लावून, आपल्या त्या शेंगेसारख्या बोटाने. खटका टचकन उघडला. नव्या माणसाने असं केलं असतं तर तिने त्याची शाळा घेतली असती. पण अंगात मुरलेली कला कधीकधी माणसाला डुलकी आणते, तसं तिचं झालं.

बोर्ड बाजारात गेला आणि गाजला. एसएसडी थंड राहते म्हणून लोकांनी वाखाणला. मालकांनी सगळ्यांना जमवून विचारलं, "ही वर घ्यायची कल्पना कुणाची?" धाकट्याने ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "त्याचीच." मोठ्या बहिणीने द्यावं तसं तिने ते देऊन टाकलं. तिला काय कमी होतं? तो दोनदा "नाही, ताईनं..." म्हणाला, पण टाळ्यांत ते कोण ऐकतो. नंतर तो गोष्ट सांगायला लागला. आधी "आम्हाला सुचलं" म्हणायचा. मग "मला सुचलं" म्हणायला लागला. बायकोला सांगितली, आईला सांगितली, सासुरवाडीला सांगितली. सांगून सांगून ती गोष्ट त्याचीच झाली. ताई बाजूला बसून ऐकायची आणि तिला कौतुक वाटायचं.

आता त्याच ताटात दोष येऊन पडला होता.

मालकांनी दुपारी तिघांनाही आत बोलावलं. मालक आरडाओरडा करणारे नव्हते. ते चष्मा काढून पुसत राहायचे आणि ते आरड्याओरड्यापेक्षा वाईट होतं.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?"

सुटलं नाही, मीच केलं. एवढं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत. तेवढ्यात धाकटा पुढे झाला.

"ताईचा काही दोष नाही. तिनं तपासलं आणि पंजानं पास केलं तेव्हा एसएसडी खाली होती. मी नंतर वर घेतली. परत तपासून घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. चूक माझी."

"कल्पना तुझीच होती, नाही का," मालक चष्मा पुसत म्हणाले. "लक्षात आहे माझ्या."

"माझीच."

पंजाने ताईकडे बघितलं. साधंच बघितलं असेल, पण तिने टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि त्याच्या आतला काचेचा बुडबुडा बघत बसली. तिने स्वतःला सांगितलं, आत्ता बोलले तर त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडल्यासारखं होईल. नंतर निवांत बोलू. स्वतःला समजावताना माणूस किती गोड बोलतो! इतकं गोड ती कधी त्या धाकट्याशीही बोलली नव्हती.

निवांत वेळ काही येईना. घर तीन खोल्यांचं. आई, ताई, धाकटा आणि त्याची बायको, आणि कुणी शिंकलं तर चौघांना कळावं एवढ्या भिंती. ताईने लग्न केलं नव्हतं, आणि ते का, हे विचारायची छाती आईखेरीज कोणाची नव्हती. बोलायला जागा नाही म्हणावं, तर त्याच घरात ती रोज त्याच्याशी तासभर बोलायचीच. फक्त दुसरंच काहीतरी.

धाकट्याचं मात्र काहीतरी बिघडलं. स्वयंपाकघरात फळी ठोकायची राहिली होती. सुटीच्या दिवशी त्याने ती काढली, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि हातोडा हातात धरून उभा राहिला.

"ताई, इथे ठोकू?"

"ठोक की."

"की थोडं वर घेऊ? डबे काढताना कुणाचं डोकं आपटेल का?"

"नाही आपटणार."

"तू एकदा हात लावून बघ ना."

ताईने हात लावून बघितलं. त्याने पेन्सिलीची खूण खोडली, पुन्हा तिथेच केली, पुन्हा खोडली. भिंत काळी झाली पण फळी काही चढली नाही. शेवटी त्याची बायको पुढे झाली, तिने हातोडा घेतला आणि दोन खिळे ठोकून मोकळी झाली. फळी जरा तिरकी बसली.

भांडी आवरताना ती ताईला हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच सांगा ना त्याला काहीतरी. चपला कुठे काढू हेसुद्धा विचारतो आजकाल. झोपत नाही. पडल्या पडल्या हवेत बोटानं रेघा काढत असतो. माझं कुठे ऐकतो, तुमचंच ऐकतो तो."

"हो," ताई म्हणाली. माझंच ऐकतो, हेच तर झालं ना बाई, असं तिच्या मनात आलं, आणि तिने पुसलेली ताटली पुन्हा पुसली.

त्या संध्याकाळी जेवताना धाकटा मध्येच थांबला. घास हातातच होता.

"एक कळत नाही," तो म्हणाला. "बाकी सगळं मी तुला विचारतो. नेमकं तेवढंच कसं विचारलं नाही? तुला तेव्हा विचारायला हवं होतं, ताई. तू बरोबर सांगितलं असतंस."

"कॉम्प्युटर ताटावर आणू नका," आई म्हणाली. "अन्न गार होतंय."

ताईच्या हातात भाताचा चमचा होता. आता, तिला वाटलं. आत्ताच. आई आहे, त्याची बायको आहे, सगळे आहेत. तिने तोंड उघडलं.

"भात घे," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.

त्या रात्री तिला स्वतःची किळस आली. दुसरा शब्द नाही. चूक सगळ्यांचीच होते. तांब्याच्या रेघांत आयुष्य काढलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको. पण समोर बसलेला माणूस आपल्याच चुकीचं ओझं वाहतोय, वर आपल्यालाच देव मानतोय, आणि आपण त्याला भात वाढतोय, याला चूक म्हणत नाहीत.

आठवडा संपता संपता निर्णय आला. पुढच्या बोर्डाचा लेआउट बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचा आणि धाकट्याने सोमवारपासून पॅकिंग बघायचं. ओरडणं नाही, काढून टाकणं नाही. पॅकिंग. धाकट्याने ते ऐकून "बरं" म्हटलं आणि आपल्या टेबलावरची पेन्सिल, मोजपट्टी, कापसाचा बोळा असं एकेक उचलून पिशवीत भरायला लागला. उलट त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. तेच ताईला बघवेना.

ती उठली आणि दार न वाजवता मालकांकडे गेली. धाकटा मागोमाग आला, कारण ती अशी कधी जायची नाही. पंजा कुठल्यातरी निमित्ताने दारात येऊन उभा राहिलाच.

"एसएसडी वर घ्यायला मी सांगितलं होतं," ताई म्हणाली. "त्याची कल्पना नव्हती. माझी होती. पंजाकडे परत पाठवू नको असंही मीच म्हटलं. त्याला पॅकिंगला पाठवू नका. पाठवायचंच तर मला पाठवा."

एवढं बोलायला तिला इतके दिवस लागले होते, आणि बोलून झाल्यावर तिची नजर आपोआप फरशीवर गेली. फरशीच्या एका कोपऱ्याला टवका उडालेला होता.

मालकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. ते हसले. चांगलं हसले, तेच वाईट झालं.

"ताई, या खोलीत सगळ्यांसमोर तुम्हीच म्हणालात, कल्पना त्याचीच. मी विचारलं होतं, आठवतंय? वाहवा होत होती तेव्हा त्याची, आणि आता अंगाशी आली तेव्हा तुमची?" ते पंजाकडे वळले. "बघ. बहीण असावी तर अशी."

"खरं सांगतेय मी."

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून ही कंपनी उभी आहे, ताई. पण धंदा मला करायचाय. सोमवारपासून तो पॅकिंगलाच. जास्त दिवस नाही ठेवणार, तुमच्यासाठी एवढं करतो."

पंजाने दारातून मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्या एवढ्या थोरल्या माणसाच्या. ताईला ओरडावंसं वाटलं की अरे, रडू नका, मला शिव्या द्या. पण शिव्या अशा मागून मिळत नसतात. आपल्या हातांनी भावाला वाहवा दिली, तीच आता तिच्या आड येऊन उभी होती.

बाहेर आल्यावर धाकट्याने तिची पर्स तिच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्याला अडकवली. लहानपणी ती त्याचं दप्तर न्यायची, आता तो कधी लाडात आला की तिची पर्स न्यायचा. दोघं जिना उतरायला लागले.

"ताई," तो म्हणाला, "असं परत करू नकोस हं. मला आवडलं, पण करू नकोस."

"मी खरं बोलले."

"मला फसवतेस? बाबांचा रेडिओ मी फोडला होता, आणि तू सांगितलंस की तू फोडलास. तेव्हा पण तू अशीच जमिनीकडे बघत होतीस. खोटं बोलताना तू नेहमी जमिनीकडे बघतेस, ताई. आत्ता पण बघत होतीस." तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "रेडिओसाठी तू उपाशी झोपली होतीस. मी विसरलो नाही."

जिन्याच्या मधल्या पायरीवर ताई थांबली. वर ट्यूबलाइट होती, खाली रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता. आणि तिच्यासमोर एक सोपी गोष्ट मांडून ठेवलेली होती. तिने नुसतं हसायचं होतं. बोलून तर झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकून कोणी विश्वास ठेवला नाही हा काय तिचा दोष? भाऊ खूश होता. मालक महिना-दोन महिन्यांत त्याला परत आणणार होते. तिने खरंही सांगितलं होतं आणि तिची अब्रूही जागच्या जागी होती. उलट वाढली होती. एवढा स्वच्छ बोर्ड तिने आयुष्यात बघितला नव्हता.

"धाकट्या, इकडे बघ," ती म्हणाली. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि नजर हलू दिली नाही. "सगळे घरी निघाले होते. मी तुझ्या खुर्चीमागे उभी होते. मी म्हटलं, हे बिचारं खाली गुदमरतंय, वर घे. आणि तू विचारलंस. खटक्याला जागा राहील का, असं तूच विचारलंस. मी म्हटलं माझं बोट जाईल. तू म्हणालास, तुझं जाईल, पंजाचं?"

तो अजून हसतच होता. मग ते हसू तसंच तोंडावर राहिलं आणि मागून डोळे बदलले. तो जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिला.

"चिमटा," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्या हातात चिमटा होता. पडद्यावर टकटक केलंस. मी म्हणणार होतो, ताई, ओरखडा पडेल." तो थांबला. "नाही म्हटलं."

"हो. चिमटा होता."

"म्हणजे मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

त्याने पाठ भिंतीला टेकली. ताई वाट बघत राहिली. आता तो चिडेल, असं तिला वाटलं, आणि चिडला तर बरं होईल असंही वाटलं. तो चुकीबद्दल बोलेल, झाकणाबद्दल, पंजाबद्दल. त्या सगळ्याला तिच्याकडे उत्तरं होती, माफी होती, सगळं इतक्या दिवसांत घोटून घोटून तयार होतं.

"त्या दिवशी जेवताना," तो हळूच म्हणाला, "मी म्हटलं, तुला विचारायला हवं होतं. तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला भात वाढलास."

घोटलेल्यातलं एकही वाक्य तिथे बसत नव्हतं. ती नुसती उभी राहिली, आणि यावेळी फरशीकडे बघितलं नाही, एवढंच तिला करता आलं.

धाकट्याने खांद्यावरची पर्स काढली आणि तिच्या हातात दिली. मग तो वळला आणि जिना पुन्हा चढायला लागला. वरच्या वळणावर थांबून त्याने खाली बघितलं.

"मालक अजून आत असतील," तो म्हणाला. "आता मला आठवलंय. दोघांनी सांगितलं तर ऐकतील. येतेस ना?"

दिवसातून शंभर वेळा तो तिला हाक मारायचा, वाक्याच्या आधी, वाक्याच्या शेवटी, कारण नसताना मध्येच. या वाक्यात ताई कुठेच नव्हती. तिने पर्स खांद्याला लावली आणि कठड्याला धरून वर चढायला सुरुवात केली.